न्हाव्याविना दोन वर्षं

त्या दुपारी तिनं माझी दाढी केली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम तेच. अंगणात पाटावर मी, समोर उकिडवी ती, मधे गरम पाण्याचा गंज. तिनं ब्रश फिरवून गालाला फेस लावला आणि हनुवटी धरली.

"हलू नका. हलले त नाक जाईन."

"हळू ना वं."

"नवरा मागतला होता, देवानं बोकड देला. तोयी दाढीवाला."

"अन् तू कोण, शेळी?"

"मी खाटीक. मान वर करा."

तेंदूची पानं कैचीनं कापून बिड्या वळण्यात तिचा जन्म गेला. बोटं अशी हलकी झाली होती की दाढीची पत्ती गालाला लागली हे मला कळायचंच नाही.

बायकोनं नवऱ्याची दाढी करायची, हे आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. लोक हसायचे. पण दुसरा उपायच नव्हता. स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी थोरलीचं लग्न झालं. न्हाव्यानं वराकडच्या लोकांची दाढी आधी केली आणि मला, मुलीच्या बापाला, ताटकळत ठेवलं. मी त्याला मांडवात लाथ घातली. पडला तरी सोडलं नाही. चार माणसांनी ओढलं तेव्हा थांबलो. त्या दिवसापासून आसपासच्या गावांतले सगळे न्हावी मला बंद. पंच म्हणाले, त्याच्या दारी जा, चुकलं म्हण, मिटलं. मी म्हणालो, त्यापेक्षा दाढी वाढवतो.

वाढवली. मग गोंदियाच्या धानाच्या मिलमधे कामाला असलेला जावई एक डबी घेऊन आला. आत लोखंडी दांडीचं यंत्र, कागदात गुंडाळलेल्या पत्त्या, साबणाची नळी, ब्रश. यंत्र हातात धरून म्हणाला, "मामाजी, बस हल्का फेरना." मी म्हणालो, दाढी मला शिकवू नको.

आमचा न्हावी साबण लावत नसे. पाण्याचा हात घेऊन अंगठ्यानं गाल असा रगडायचा की डोळ्यांत पाणी यायचं. मग वस्तरा दाबून ओढायचा. चाळीस वर्षं माझ्या गालाला तेच माहीत. मी नळीतला साबण लावला, फेस केला, आणि सगळा धुवून टाकला. साबण तर धुवायलाच असतो. मग कोरड्या गालावर यंत्र टेकवलं आणि वस्तऱ्यासारखं दाबून आडवं ओढलं. ओठापासून कानापर्यंत रक्त.

ती हसली. मी आरसा तिच्या अंगावर फेकला, मग हात चालवला. मी तिला मारत होतो, कमी करून सांगत नाही. तीही गप्प बसणारी नव्हती. चुलीतलं जळतं लाकूड काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. दोघं दमलो तेव्हा म्हणाली, "आणा इकडं ते. तुमाले हात नाही, हातोडा आहे." तेव्हापासून दर आठ दिवसांनी तीच करायची. आणि दर वेळी शेवटी सांगायची, "एकडाव त्याच्या दारी जा ना. दोन शब्दच त बोलाचे आहेत."

त्याही दुपारी सांगितलं. मी गालावरचा फेस पुसला. गंज उचलून ती गेली आणि बैलांसाठी धानाचं तणस काढायला ढिगात शिरली. ओरडली नाही. "चावला वाटते," एवढंच म्हणाली.

घोट्यावर दोन टिपके. नाग तणसाखाली सरकत होता. मी बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, ओढून काढली आणि त्याला हाणला. मेला तरी हाणत राहिलो. मातीत त्याचा चेंदा झाला, तरी हाणत राहिलो. तिला उचलायचं सोडून.

तेव्हा सालेकशाच्या दवाखान्यात जंगलातून बैलगाडीनं जायला अर्धा दिवस लागे. गळू असो, साप असो, गावात चिरा न्हावीच द्यायचा. त्याचं घर बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पलीकडं, हाकेच्या अंतरावर. मी शेजाऱ्याला पाठवलं. तो धावत परत आला.

"वस्तरा घेऊन बसला आहे. म्हणते, त्यानं सोता याव, दोन शब्द बोलाव. लगेच निघतो."

"बोलाव म्हणते का?"

"जा ना गा. इकडं तिचा पाय काळा होऊन राहिला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "जा ना," म्हणाली.

मी गेलो नाही. यंत्राची पत्ती काढली, तिचा पाय मांडीवर घेतला आणि चिरा दिला. दाबून. माझा हात तसाच. पत्ती आत गेली ती गेलीच. काळं रक्त आलं, मग लाल आलं, ते थांबेना. धोतर फाडून बांधलं, तेही भिजलं. ती माझं मनगट धरून ढकलत होती, तोंडानं काही बोलता येत नव्हतं. दिवस बुडायच्या आधी गेली. विषानं गेली का माझ्या हातानं, मला आजही माहीत नाही. लोक विषानं म्हणतात.

सकाळी बाया तिला न्हाऊ घालत होत्या. मी उठून बोडीच्या पाळीवरून न्हाव्याच्या घरी गेलो. त्याची बायको अंगण झाडत होती. मला पाहून ती सरळ आली आणि खराटा माझ्या पाठीत घातला. मग आणखी एकदा. मी हात उचलला नाही.

"राहू दे वं," न्हावी ओसरीवरून म्हणाला. "घरी मयत आहे त्याच्या."

मी ओसरीच्या खाली बसलो आणि ते दोन शब्द बोललो. आवाज नीट निघाला नाही. म्हणून परत बोललो, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असे.