लाल काठाचं दुपटं

गच्चीवरच्या तारेवर तो गाऊन वाळत घातलेला असायचा, आणि मस्कतच्या वादी कबीर भागातल्या डोंगरांवरून दुपारचा तापलेला वारा सुटला की त्याच्यात शिरून त्याचं पोट फुगवायचा... आत कुणीही नसताना तो गाऊन गरोदर दिसायचा. चॉकलेटी रंग, त्यावर पांढरे ठिपके, गळ्याशी एकच बटण मूळचं आणि बाकीची निरनिराळ्या घरांतून आलेली. खालच्या वर्कशॉपमधून वेल्डिंगचा आणि जळक्या ऑइलचा वास वर येई, समोरच्या काळपट डोंगरावर औषधाला झाड नसे, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्या फुगलेल्या गाऊनकडे टक लावून बघत राही. तेव्हा मी असेन नऊएक वर्षांची.

तो गाऊन मी आधी तळमजल्यावरच्या प्रधानकाकूंच्या सुनेच्या अंगावर पाहिला होता, मग आमच्या इमारतीतल्या आणखी एक-दोघींच्या. आणि प्रत्येकीच्या घरी काही दिवसांनी बाळ आलं होतं. बाळं कुठून येतात या सनातन प्रश्नाचं उत्तर मला असं आपसूक सापडलं होतं – तो गाऊन घातला की बाळ होतं. म्हणून एके दिवशी शाळेच्या बसमधून उतरून घरी आले, आणि तोच ठिपक्याठिपक्यांचा गाऊन घालून आई ओट्याशी पोळ्या लाटताना दिसली, तेव्हा मला कुणी काही सांगावंच लागलं नाही. मी दप्तर टाकून तिच्या कमरेला मिठी मारली. तिच्या अंगाला डांबरगोळ्यांचा आणि लोबानाचा वास येत होता.

तो वास बॅगेचा होता. आपल्याकडे बाळाला आणि बाळंतिणीला कपडेलत्ते देतात त्याला बाळंतविडा म्हणतात. मस्कतमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी बायकांनी एक फिरता बाळंतविडाच करून ठेवला होता. एक निळी, चाकं निखळलेली सूटकेस. तिच्यात पोटावर सैल होणारे गाऊन, नाडी वाढवलेल्या सलवारी, डोहाळजेवणाची एक हिरवी साडी, आणि तळाशी झबली, टोपडी, कुंची, लंगोट, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली दुपटी. जिला दिवस जातील तिच्याकडे ती बॅग जायची. बाळ थोडं मोठं झालं की तिनं सगळं धुवायचं, उसवलेलं शिवायचं, लोबानाची धुरी द्यायची, आपल्याकडून एखादी वस्तू तिच्यात घालायची आणि बॅग पुढे पाठवायची. रुवीच्या बाजारातल्या दुकानांत काचेमागे काय वाटेल ते मिळत होतं, पण प्रत्येकीच्या गावाकडे कुणाचं तरी घर अर्धवट बांधून पडलेलं असे. "चार महिने घालायच्या कपड्यांवर पैसे उधळायला आपण काय अर्बाब लागून गेलोय?" असं प्रधानकाकू म्हणत – अर्बाब म्हणजे तिकडचा मालक, शेठ – आणि त्यांचं म्हणणं आमच्या इमारतीत शेवटचं असे.

काकूंचं आणखीही एक म्हणणं होतं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड कोरं लावू नये; सुखरूप वाढलेल्या मुलाचं अंगावरचं घालावं, म्हणजे त्याचं आयुष्य याला लाभतं. त्यामुळे त्या बॅगेत नुसती काटकसर नव्हती, आशीर्वाद होते. आईची ओटी भरून, वर नारळ ठेवून काकूंनी ती बॅग आमच्या घरी आणली होती. कंजूषपणा असा देवघरातून फिरून आला की त्याची लाज वाटत नाही.

आणि आम्हाला ती बॅग हवीच होती. बाबा एसी दुरुस्तीच्या एका लहानशा कंपनीत होते. त्यांचा अर्बाब माणूस भला, पण त्याचीच बिलं कुठे कुठे अडकली होती. पगाराचं विचारलं की तो छातीवर हात ठेवून "इन्शाल्ला" म्हणायचा. बाबा संध्याकाळी चप्पल काढता काढता "आज पण इन्शाल्ला" असं म्हणाले की आई डाळीत आणखी पाणी घालायची. बाळंतपणाला माहेरी जायचं तर तिकिटाचे पैसे नव्हते. आई घरात बाबांचे जुने शर्ट घाली. त्यांचे विरलेले बनियन कापून लंगोट शिवी. आणि त्या वाचवण्याच्या नादात एका महिन्याची तपासणी तिनं पुढच्या पगारावर ढकलली. "मला काही होत नाहीये, मग उगाच डॉक्टरांना पैसे कशाला?" असं ती म्हणाली.

बॅगेत घालायची वस्तू मात्र तिनं आधीच करायला घेतली होती. आखातात सगळ्या साड्या जॉर्जेटच्या – टिकाऊ, चकचकीत, बाळाच्या कातडीला टोचणाऱ्या. आईकडे एकच सुती साडी होती, मोतिया रंगाची, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. ती तिनं फाडली. फाडताना आलेला तो लांबलचक, कोरडा आवाज अजून माझ्या कानात आहे... दोन पदर एकावर एक ठेवून तिनं दुपटं केलं आणि काठाला लावायला माझा आखूड झालेला लाल फ्रॉक मागितला. फ्रॉक मला छातीत आवळत होता, काखेत उसवला होता, तरी मी भोकाड पसरलं. "अगं मने, तुझ्या भावंडाच्या अंगावर तुझं काहीतरी नको का?" आई म्हणाली. मग मीच कात्री आणून दिली. सातव्या महिन्यात आई ती सगळ्यांची हिरवी साडी नेसून, फुलं मिळेनात म्हणून कागदाच्या फुलांची वाडी घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डोहाळजेवणाला बसली. तिच्या पायांवर सूज होती, पण ती हसत होती.

आठव्या महिन्यात एका सकाळी ती बाबांना म्हणाली, "बाळ हलत नाहीये हो."

मला काकूंकडे ठेवून ते दोघं गेले. संध्याकाळी बाबा एकटे परत आले. हॉस्पिटलात नेलेली पिशवी त्यांच्या हातात होती आणि तिच्यातल्या दुपट्याची घडीही मोडलेली नव्हती. काकूंनी मला पोटाशी धरलं. "मुलगा होता," बाबा म्हणाले आणि काकूंच्या दारातच खाली बसले. दुसऱ्या दिवशी ते आणि त्यांचे मित्र कुठेतरी जाऊन आले. कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं की गाऊन बिघडला. इतकी बाळं देऊन देऊन बिचारा दमला असेल. मी नऊ वर्षांची होते, मला ते शोभत होतं... पण पुढे जे झालं ते मोठ्या बायकांनी केलं.

महिन्याभरानं आईनं बॅग उघडली. एकेक झबलं धुतलं, वाळवलं, लोबानाची धुरी दिली – आपलं दुपटं तेवढं बाजूला काढून कपाटात ठेवलं – आणि कुणाला दिवस गेलेत याची चौकशी सुरू केली. एक म्हणाली, आमच्याकडे सगळं आहे गं. दुसरी म्हणाली, मी तर माहेरीच चाललेय. प्रधानकाकू तेवढ्या घरी आल्या, आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे आता तुझ्याकडेच, उषा. तुला लागेल पुन्हा." कुणी वाकडा शब्द बोललं नाही. वाकडं बोलल्या असत्या तर आई भांडली तरी असती. तिची जीभ काही कमी तिखट नव्हती. पण ही गोड बोलून मारलेली चपराक होती. त्या बायकांचा मला राग आला. आजही, खरं सांगायचं तर, पुरता गेलेला नाही.

कारण डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं – असं कधीकधी होतं, कारण सापडतंच असं नाही, ती तपासणी झाली असती तरी हे टळलंच असतं असं म्हणता येत नाही. आईला ते पटलं नव्हतं. थोडे पैसे वाचवायला गेले आणि मूल घालवून बसले, हे तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. आणि बॅगेला कुणी हात लावेना तेव्हा तिला वाटलं, सगळ्यांच्याच लेखी आपण अपराधी आहोत. बॅग कपाटावर गेली. आई हसायची विसरली. तिच्या हातच्या जेवणाला चव राहिली नाही, आणि आम्ही बापलेक ते निमूट गिळत राहिलो.

पुढच्या वर्षी बाबांना दुसरीकडे नोकरी लागली, वेळच्या वेळी पगार देणारी, आणि आम्ही मस्कतजवळच्या सीबला राहायला गेलो. जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, समुद्राच्या खाऱ्या वासातलं घर. खालच्या खोलीत नसरीन राहायची – हर्णैकडची, विशी नुकती ओलांडलेली. तिचा नवरा अल मवालेहच्या भाजीबाजारात पेट्या उतरवायचा आणि डाग पडलेली केळी, मऊ पडलेले आंबे घरी आणायचा. त्यातले निम्मे ती आम्हाला देई. तिला दिवस गेले होते. नवऱ्याचाच पठाणी कुडता घालून ती जिना चढे. एकदा आईला मदत करताना तिची नजर कपाटावर गेली. मीच तिला सांगून टाकलं, त्या बॅगेत बाळाचे कपडे आहेत म्हणून.

"माला देवाल, वैनी? परत करीन, आयशप्पत."

आईच्या हातातली पळी थांबली. "ती बॅग चांगली नाही गं नसरीन," ती म्हणाली. "माझं बाळ गेलंय त्यात. आणि बॅगेचा तरी काय दोष... मीच पैसे वाचवायला गेले. तपासणीला गेले नाही वेळेवर." हे तिनं बाबांखेरीज कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मी तर ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

नसरीन खाली बसली. ती काही शिकलेली नव्हती, शहाणपणाचा आव आणायचीही तिला सवय नव्हती, तिनं आपलं सरळ विचारलं, "पैसं वाचवलंव ता कोनासाठी, वैनी? पोरासाठीच ना?"

आईनं पदर तोंडाशी धरला, आणि मी त्या सगळ्या काळात तिला पहिल्यांदा मोठ्यानं रडताना पाहिलं. नसरीन तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. "कपडं काय कोनाचा जीव घेतात?" तेवढं मात्र ती मधेच एकदा म्हणाली. रडणं आवरल्यावर आईनं स्टूल ओढलं आणि बॅग खाली काढली.

त्यानंतरचे महिने आईनं कसे काढले ते तीच जाणे. तारेवर तो ठिपक्यांचा गाऊन पुन्हा वाऱ्यानं फुगू लागला, आणि आई त्याच्याकडे बघायचं टाळायची. दर तपासणीला ती नसरीनबरोबर जायची. तिचा नवरा "अगला महिना चलेगा, भाभी" म्हणाला तर त्याला असं काही झापायची की बिचारा मुकाट्यानं टॅक्सी बघायला पळे. सकाळी उठल्या उठल्या जिन्यातून हाक मारायची, "हलतंय ना गं?" खालून "नाचतंय, वैनी!" असं उत्तर आलं की मगच आमच्या घरात चहा उकळायचा. मी अभ्यासाला बसले की देवापुढे हात जोडून मनात म्हणे, नसरीनला काही होऊ देऊ नको, नाहीतर माझी आई पुन्हा उठणार नाही.

थंडीत नसरीनला मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, घसा फाडून रडणारी. नसरीन तिला घेऊन वर आली तेव्हा आईनं कपाट उघडलं, अगदी मागून ते दुपटं काढलं आणि माझ्या फ्रॉकच्या लाल काठात त्या पोरीला हनुवटीपर्यंत गुंडाळलं. दुपट्याची घडी त्या दिवशी मोडली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण मग काकूंचा फोन आला. त्यांच्या सुनेला पुन्हा दिवस गेले होते. "तुझ्या त्या नसरीनची मुलगी अगदी गुटगुटीत आहे म्हणे... ती बॅग आहे का गं अजून तुझ्याकडे?" मी शेजारीच उभी होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामापुरता मामा! आईनं नाही म्हणावं, फोन आपटावा, असं मला मनापासून वाटत होतं. आई म्हणाली, "आहे ना. धुऊन पाठवते."

तिनं पुन्हा सगळं धुतलं. नसरीननं घातलेलं लोकरीचं टोपडं नीट घडी करून ठेवलं. आणि सगळ्यात वर, बॅगेच्या रिवाजाप्रमाणे आपल्याकडची वस्तू म्हणून, ते लाल काठाचं दुपटं.

"हे कुणाचं ते सांगणार नाहीस त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगायचंय? मऊ आहे, ऊबदार आहे. बाळाला तेवढंच कळतं."

ज्यांनी त्या बॅगेला हात लावला नव्हता त्यांची नातवंडं माझ्या भावाच्या दुपट्यात झोपली. मला त्यात छान सूड वाटत असे. आईच्या मनात काय होतं, ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. बॅग फिरत फिरत पुढे कुणाबरोबर तरी पार दक्षिणेला सलालाहला गेली असं कानावर आलं, आणि मग तिचा माग लागला नाही.

भावाबद्दल आई पुन्हा कधी बोलली नाही. त्याला नाव नव्हतं, फोटो नव्हता, आमच्या घरात त्याच्या जन्माचा किंवा जाण्याचा दिवस कधी उच्चारला गेला नाही. बाबा आणि ती ठाण्याला परत आले, माझं लग्न झालं, आणि दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मला दिवस गेले तेव्हा मॉलमधून मी इतकं नवं नवं आणलं की कपाट मिटेना. आईनं ते सगळं कौतुकानं पाहिलं. मग आपली एक मऊ सुती साडी काढली आणि फाडली – तोच लांबलचक, कोरडा आवाज – आणि दुपटं शिवायला बसली.

"मने, काठाला लावायला तुझं काही लाल आहे का जुनं?"

मी सगळं घर धुंडाळलं. लाल पुष्कळ होतं, जुनं काहीच नव्हतं.

मी तसं सांगितलं तेव्हा तिनं सुईतला दोरा दातानं तोडला. "असू दे," ती म्हणाली. "लाल काठ त्याचा होता."