सव्वा रुपयाचा निळा घोडा

एका घोड्याच्या मरणामुळं माझ्या बहिणीचा साखरपुडा मोडायची पाळी आली होती, आणि तो घोडा मी मारला होता. घोडा निळा होता, त्याला पंख होते आणि तो छापील होता.

तुम्ही म्हणाल, छापील घोडा मेला तर मेला, साखरपुड्याचा काय संबंध? तुम्ही आमच्या आत्याला ओळखत नाही!

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सेलूला एका जिनिंगमध्ये कारकून होतो. आई-वडील गावी शेतावर, आणि सेलूच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आत्या, धाकटी बहीण शांता आणि मी. दिवसभर कापसाच्या गाड्या आणि नाकातोंडात उडता कापूस. करमणूक म्हणाल तर एकच, 'सात दारांचा किल्ला'! ही जादूची कादंबरी भागाभागानं निघायची. पातळ कव्हर, आत चार चित्रं, किंमत बारा आणे. मी भाग आणायचो, रविवारी दुपारी मोठ्यानं वाचायचो आणि आत्या डाळ निवडत ऐकायची.

आत्याला अक्षर येत नव्हतं. पण राजपुत्राच्या नीलपंख घोड्यावर तिचा असा जीव जडला की बोलायची सोय नाही. तिनं त्याचं नाव 'निळ्या' ठेवलं. सगळा जन्म बैलांत गेलेला, जनावर म्हटलं की घरचंच. पोळ्याला मातीच्या बैलांच्या ओळीत तिनं एक मातीचा घोडा बसवला, त्याला कपड्यांची नीळ फासली आणि पुरणपोळीचा पहिला घास त्यालाच दाखवला. (मला चौथा मिळाला. मी कमावता होतो!)

आठव्या भागाच्या शेवटच्या पानावर राजपुत्राला पाठीवर घेऊन निळ्यानं जळत्या दरीत उडी टाकली आणि खाली छापलं होतं, 'पुढील भागी पाहा.' दोन महिने आत्यानं माझा पिच्छा पुरवला. "दत्त्या, निळ्या वाचतो का रं?" सकाळी हेच आणि संध्याकाळी हेच.

एकदाचा नववा भाग आला. मी बारा आणे मुठीत धरून शेठजींच्या पुस्तकांच्या दुकानी गेलो. दुकानासमोरच्या बाकावर आमची नेहमीची मंडळी होती, दवाखान्यातले कंपौंडर बाबूराव आणि शाळेतले ड्रॉइंग मास्तर. दोघांचीही तोंडं उतरलेली.

"सव्वा रुपया," शेठजी म्हणाले.

"दोन भागांचा?"

"एकाचा. कागद महागला."

मी तिथंच उभ्या उभ्या पानं मोजली. सोळा पानं कमी! माझं टाळकंच सरकलं. "कागद महागला म्हणून किंमत वाढवली, मग कागद कमी का घातला? निजामाच्या राज्यात बारा आणे आणि आपल्या राज्यात सव्वा रुपया? हा कुठला इन्साफ?"

"मी छापतो का? घ्यायचं तर घ्या, न्हाई तर ठेवा खाली. कव्हर मळायलंय."

मळायलंय! इतकी वर्षं गिऱ्हाईक होतो मी त्यांचा! मी बाकावर चढलो (खरंच चढलो, बाक हलत होता) आणि जाहीर केलं की हा जुलूम आहे आणि यापुढं सेलूतला एकही इज्जतदार वाचक या मालिकेला शिवणार नाही. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "पण राजपुत्राचं काय झालं असंल हो?" मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते गप्प बसले. मग तिघांनी जाऊन खंडोबापुढं बेलभंडारा उचलला, बारा आण्यांच्या वर कवडी देणार नाही!

घरी आलो तर आत्या निवडायच्या डाळीचं सूप घेऊन तयार. "आणलास का? निळ्या वाचला का?"

आता इथं माझी अक्कल गहाण पडली. सरळ सांगायचं, महागलंय, आणलं नाही. पण मग उद्या हीच म्हणणार, घे की, आणि शपथ मोडणार. मी विचार केला, घोडाच संपवला की आत्याचा जीव मालिकेतून उठेल. दहावा नको, अकरावा नको, कटकट मिटली!

"दुकानातच वाचून आलो," मी म्हणालो. "निळ्या गेला, आत्या. राजपुत्राला काठावर फेकलं आणि आपण खाली पडला."

आत्यानं सूप खाली ठेवलं, उठली, मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं! ओल्या केसांनी बाहेर येऊन म्हणाली, "आजपासून धा दिवस ह्या घरात गोड व्हायचं न्हाई."

"अगं, पण रविवारी शांताचा साखरपुडा!"

"घरचं जनावर गेल्यावर आमी कधी पुरण घातलं न्हाई. तुझ्या आज्यानं सर्जा बैल गेला तवा सख्ख्या भावाच्या लग्नात जिलबी खाल्ली न्हाई."

"आत्या, तो पुस्तकातला घोडा आहे!"

"मग पोळ्याला त्याच्या नावानं घास काढला तवा का बोलला न्हाईस?"

साखरपुड्याला गंगाखेडहून वीस माणसं येणार होती. मुलाची आई मोठी मानपानाची बाई, आणि बोलणी ठरताना तिनं एकच सांगितलं होतं, "हुंडा-बिंडा काई नको, पर पुरणपोळीचं जेवण पायजे." आत्या हयात असताना चुलीजवळ दुसऱ्या बाईची फिरकायची टाप नव्हती. पोळ्या नाहीत म्हणजे व्याह्यांचा अपमान, आणि अपमान म्हणजे सोयरीक मोडली! मी आत्याचे पाय धरले. "मी खोटं बोललो. सव्वा रुपया झाला म्हणून मी पुस्तक वाचलंच नाही!"

"आता माझं मन राखायला खोटं बोलायलास, व्हय?" आत्यानं डोळे पुसले. "लय गुणाचा हायेस. पर गेल्याला काय इलाज."

शांता दारात उभी होती. रागानं लाल झालेली. "दादा, तुझ्या आठ आण्यांपायी माझं लग्न मोडलं ना, तर मी जन्मभर तुझ्याच घरात बसून तुझं डोकं खाईन. सांगून ठेवते!" ती करील, याबद्दल मला शंका नव्हती. ती आत्याचीच भाची!

पुस्तक आणणं भाग होतं. शेठजींकडं जायची सोय नव्हती, कारण समोर बाक आणि बाकावर मंडळी. शुक्रवारी पोट दुखतंय म्हणून जिनिंगमधून रजा काढली आणि पॅसेंजरनं परभणी गाठली. तिथं मला कोण ओळखतंय! दुकानात शिरलो तर कोपऱ्यात एक माणूस तोंडाला उपरणं गुंडाळून हळू आवाजात विचारत होता, "किल्ल्याचा नववा हाय का?"

मी उपरणं ओढलं. बाबूराव!

"बाबूराव! बेलभंडारा उचलला होता तुम्ही!"

"आन् तुमी काय इथं बोरं घ्यायला आलात?"

"माझ्या बहिणीच्या लग्नाचा सवाल आहे!"

"माझी बायको दोन दिवस बोलत न्हाई, त्याचा सवाल न्हाई का?"

दुकानदार वैतागून म्हणाला, "भांडू नका, एकच प्रत उरलीय. सेलूचेच एक मास्तर काल दोन घेऊन गेले."

दोन! एक स्वतःला आणि एक कुणाला? मी खंडोबाला मनातल्या मनात मास्तरांचा पत्ता दिला. शेवटी तडजोड झाली. पैसे सगळे माझे, पण पुस्तक आधी आमच्या घरी वाचायचं आणि मग बाबूरावांनी न्यायचं. गाडीत मी खिडकीतून डोकं काढून हवा खात होतो, इतका जीव हलका झाला होता. बाबूराव वाचत होते. मानवतच्या आसपास त्यांनी एकदम मान वर केली.

"दत्तराव," ते म्हणाले, "घोडा मेला की हो."

"कुठला घोडा?"

"तुमचाच. पाचव्या पानावर. राजपुत्राला काठावर फेकलं आन् आपण खाली पडला."

मी पुस्तक हिसकावलं. खरंच! सव्वा रुपया घेऊन हे लोक घोडा मारतात! मी निदान फुकट तरी मारला होता! आख्ख्या डब्यात मी त्या छापखान्याचा उद्धार केला. समोरच्या बाईनं आपलं पोर माझ्याजवळून उचलून पलीकडं ठेवलं.

दुपारी घरी पोचलो. आत्या भिंतीला टेकून बसलेली, शांता तिच्या शेजारी. बाबूराव आपल्या पुस्तकावर नजर ठेवून उंबऱ्यात बसले. मी पाचवं पान उघडलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो. छापलेलं सोडून सगळं! निळ्या पडता पडता सावरला, एका पंखावर तरंगला, दरीच्या तळाशी त्याला एक ऋषी भेटले, त्यांनी भाजलेल्या पायांना तूप लावलं...

"कोणतं?" आत्यानं विचारलं.

"गाईचं!"

बाबूरावांचं तोंड उघडंच राहिलं. एवढ्यात आत्या पुढं सरकली. "चित्र दाव." चित्रात नीलपंख आडवा पडला होता आणि राजपुत्र त्याच्या मानेवर डोकं ठेवून ढसाढसा रडत होता.

"निजलाय," मी म्हणालो.

"मग ह्यो का रडायलाय?"

"आनंदानं!" उंबऱ्यातून बाबूराव ओरडले. (त्या एका शब्दासाठी मी त्यांचा बेलभंडारा माफ केला.)

आत्यानं चित्रावरून बोटं फिरवली. मग उठली, डोळे पुसले आणि शांताला म्हणाली, "ऊठ गं, हरबऱ्याची डाळ काढ!" रविवारी वीस माणसं बोटं चाटत उठली. विहीणबाईंनी पाच पोळ्या खाल्ल्या. शांताचा साखरपुडा असा झाला की गंगाखेडात नाव निघालं.

पाहुणे गेल्यावर आत्या माझ्याकडं वळली. "बघ, दत्त्या. ल्हिणारा किती गुणी. जनावराचा जीव वाचवला. आन् तू? फुकटात सांगायला लागला की घोडे मारतोस! सव्वा रुपया काय उगीच घेत्यात का? पुढच्या बारीला तोंडी न्हाई सांगायचं. पुस्तक हातात धरून वाचायचं!"

त्यानंतरचे अकरा भाग मी रोख पैसे देऊन घेतले. पण त्यात निळ्या मेलेला होता आणि आमच्या घरात तो जिवंत होता! त्यामुळं दर वेळी पुस्तक हातात धरून सगळी गोष्ट मलाच रचावी लागली. पंधराव्या भागाला किंमत दीड रुपया झाली. मी घरी येऊन थयथयाट केला, तर आत्या डाळ निवडत शांतपणे म्हणाली, "वाढणारच की! गोष्ट बघ, पैल्यापरीस किती चांगली व्हायलीय!"