एका पुस्तकाचे पाच वाचक

पिंपळगाव राजाच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथल्या वाचनालयात पेपर एकच येतो आणि वाचक सकाळीच आठ-दहा जमतात. त्यामुळे पेपर आला की आधी त्याचे ताव सुटे होतात. पहिला ताव अध्यक्ष वामनरावांकडे, बाजारभावाचा दयारामजींकडे, बाकीचे वयोमानानुसार. मग जो तो पायावर पाय टाकून बसतो आणि मधूनमधून शेजाऱ्याला विचारतो, "झालं का हो तुमचं?" झालं, असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

इथली ग्रंथपाल धम्मशीला. माहेर हिवरा आश्रमाकडचं. डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता ती ग्रंथपाल झाली. पुस्तकं सांभाळायची म्हणजे ती कपाटात ठेवून किल्ली सांभाळायची, ही वाचनालयाची रीत तिनं घरीही पाळली. पुढे तिची पायल पहिलीत गेली. शाळेतल्या बाईंनी पुस्तक पुढे केलं, तेव्हा पोरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. घरात पुस्तकं वरच्या फळीवर असत आणि त्यांच्याविषयी तिनं एकच वाक्य ऐकलं होतं, "हात लावू नको." बोलणारी धम्मशीलाच. बाईंनी हे कौतुकानं सांगितलं. पोरीला शिस्त चांगली आहे म्हणाल्या. धम्मशीलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून ती वाचनालयाच्या समितीच्या मागे लागली, की शाळेत जाण्याआधीच्या पोरांसाठी एक कोपरा द्या. समितीनं विषय बरेच दिवस चहाबरोबर गिळला. शेवटी वामनराव म्हणाले, "घे बाई कोपरा. पन एक बी पुस्तक फाटलं, त दुसऱ्या दिवशी बंद. मंग मले काही सांगू नको."

सतरंजी आली. पातळ, चित्रांची, मधोमध पिना मारलेली पुस्तकं आली. अंगणवाडी सुरू होण्याआधी पोरं सतरंजीवर आणि मोठी माणसं खुर्च्यांवर बसू लागली. धम्मशीला एक गोष्ट वाचून दाखवी आणि मग पुस्तकं पोरांच्या हातात देई. गोंगाट होई, पण तो बहुतेक खुर्च्यांकडून.

एका सकाळी ती माठ भरायला मागे गेली. परतली तर सतरंजीवर कधी नव्हे एवढी शांतता. पोरांनी हत्तीच्या पुस्तकाच्या पिना उचकटून ताव सुटे केले होते. पाच पोरं, पाच ताव, आणि प्रत्येकाचा पाय पायावर.

ती ताव गोळा करणार, एवढ्यात वामनराव उठून आले.

"काय करून ठेवलं बे हे? पुस्तक काऊन फाडलं?"

"फाडलं नाही, आबाजी," काजल मान वर न करता म्हणाली. काजल म्हणजे दयारामजींची नात. "वाचून राह्यलो."

"असं वाचतेत का कोनी?"

काजलनं खुर्च्यांकडे बोट केलं. वामनरावांच्या हातात अर्थातच पहिला ताव होता. दयारामजींना अचानक खोकला आला.

अट ती अट. धम्मशीलानं सतरंजीचं टोक उचललं. पण सतरंजीवर पोरं बसलेली असल्यामुळे ती निघेना.

काजलनं आपला ताव वामनरावांपुढे धरला. "घ्या आबाजी. माह्यं झालं."

त्या खोलीत हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं. वामनरावांनी गडबडून ताव घेतला. हत्ती विहिरीत पडला होता. त्यांनी ताव उलटला, तर मागे हत्ती अजून रानातच चरत होता. वामनरावांनी चष्मा सारखा केला.

"हा वरतं आला का नाही? पुढचं पान कोनाजवळ हाय बे?"

"माह्याजवळ," दीपक म्हणाला. "माह्यं नाही झालं."

अध्यक्ष खुर्ची ओढून सतरंजीच्या कडेला बसले आणि वाट पाहू लागले. धम्मशीलानं हातातलं टोक खाली सोडलं.

पुढच्या बैठकीत ठराव झाला: पोरांसमोर पेपरचे ताव सुटे करू नयेत, पेपर येताच त्याला पिना माराव्यात. पिना धम्मशीला मारते. सुट्टीच्या दिवशी पायल पिनांची डबी धरते आणि मग आपणहून एखादं पुस्तक उचलते. अख्खा पेपर वामनरावांकडे असतो, म्हणून दयारामजींना बाजारभाव दुपारी कळतो. तोवर ते सतरंजीच्या कडेला हत्तीचं पुस्तक घेऊन बसतात.

"झालं का आजोबा तुमचं?" काजल विचारते.

दयारामजी ऐकू न आल्यासारखं करतात.