आत्याच्या कॅसेटवरची कावेरी

माझी आत्या तिरुवैयारुला गाणं शिकवायची. साठी ओलांडली तरी तिचं गाणं शिकवणीच्या खोलीबाहेर फारसं गेलं नव्हतं. मग तिच्या एका जुन्या शिष्येच्या नवऱ्याने तंजावरात कॅसेटचा धंदा सुरू केला. त्या वर्षांत गावात रोज काही ना काही नवीन उघडत होतं. एसटीडी बूथ, केबलवाले, कॉम्प्युटर क्लास. हा गृहस्थ सगळ्यात आधी आत्याकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या घराण्यातली मराठी पदं रेकॉर्ड करू. भोसल्यांच्या काळात इथेच रचलेली ती पदं आत्याला तोंडपाठ होती. आठवड्याभरात गाणं रेकॉर्ड झालंसुद्धा.

कव्हरचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स संपवून एका छापखान्यात लागले होते. तिथल्या काचेच्या खोलीत एसी होता, आणि तो माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. चपला बाहेर काढून आत जायचं. दिवसभर मी लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं जुळवायची. फोटोचं सॉफ्टवेअर मालकांनी नवीनच आणलं होतं, पण ते शिकवणारं कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक मेनू उघडून बघत बसायची.

आत्याची मागणी साधी होती. “मज नदी पाहिजे. मी गाते आहे आणि मागे कावेरी आहे, असं कर गे,” ती म्हणाली. तिचं मराठी जुन्या वळणाचं, हेल सगळा तमिळ. फोटो-स्टुडिओवाल्याने दोन फोटो काढून दिले होते. एकात आत्या निळ्या पडद्यासमोर तंबोरा घेऊन बसलेली. दुसऱ्यात सकाळची नदी, पलीकडच्या काठावर नारळाची झाडं.

दोन्ही स्कॅन केले, नदीवर आत्या ठेवली आणि पडदा खोडायला घेतला. खोडरबराने केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. कड मऊ करून पाहिली, तर आत्याभोवती धुरकट वलय आलं. शिवाय एकदा खोडलं की खोडलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त शेवटची एक चूक मागे घेता यायची. तीन वेळा मी फोटो नव्याने उघडून पहिल्यापासून सुरुवात केली. मालक डोकावून म्हणाले, “एन्नम्मा, काय गं हे, सरळ चौकटीत फोटो टाक आणि मोकळी हो.” मला ते पटेना. चौकटीतले फोटो सगळ्याच कॅसेटवर असायचे.

दुसऱ्या दिवशी मेनूत ‘लेअर मास्क’ असं दिसलं. दाबलं. आत्याच्या लेअरच्या, म्हणजे नदीवर ठेवलेल्या थराच्या, छोट्या चित्राशेजारी एक पांढरा चौकोन आला, बाकी काहीच झालं नाही. म्हणून मी तो सोडून दिला आणि आभाळाला थोडी छटा देऊ या म्हणून ग्रेडियंटचं हत्यार घेतलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची छटा निवडली होती. डाव्या कडेपासून आत्याच्या खांद्यापर्यंत माऊस ओढला आणि सोडला.

कॉम्प्युटर क्षणभर थांबला, मग चित्र वरून खाली नव्याने उमटायला लागलं. छटा आभाळावर पडलीच नव्हती. ती त्या पांढऱ्या चौकोनात पडली होती. डावीकडे नुसती नदी होती. मधे पाण्यात निळा रंग हळूहळू मिसळत होता, आणि उजवीकडे आत्या पूर्ण बसलेली. स्टुडिओतला तो पडदा कुठे संपतो आणि कावेरी कुठे सुरू होते ते मलाही सांगता येत नव्हतं.

मी पुन्हा ओढलं, या वेळी लांब. आत्या धुक्यातून आल्यासारखी झाली. आखूड ओढलं, तर मधे जवळजवळ रेघच दिसली. खालून वर ओढलं, तर आत्या कमरेपर्यंत पाण्यात. मी एकटीच हसत सुटले. हळूहळू कळलं, की चौकोनात जिथे काळं तिथे आत्या लपते, जिथे पांढरं तिथे दिसते, आणि करड्या जागी दोन्ही फोटो एकमेकांतून दिसतात. मूळ फोटोचा एक कणही खोडला जात नव्हता. हवं तितक्यांदा चुकायची मोकळीक मिळाली होती. मी चपला न घालताच बाहेर धावले आणि मालकांना हात धरून आणायचं तेवढं बाकी ठेवलं. ते वाकून पाहत म्हणाले, “हे आपल्याच मशीनवर झालं?”

आत्याला निरोप पाठवला. ती बसने आली, काचेच्या खोलीत पदर घट्ट लपेटून बसली आणि चष्मा लावून पाहू लागली.

“नदी बरी आली,” ती म्हणाली. “माझा तंबोरा अर्धा कोठे गेला?”

खरंच, तंबोऱ्याचा वरचा भाग छटेत विरून गेला होता. आनंदाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“गेला नाही आत्या, झाकलाय,” मी म्हणाले. मास्क क्षणभर बंद करून दाखवला; आख्खा तंबोरा, आख्खा पडदा परत.

“मग तेवढा उघड ना.”

मी पांढरा रंग, लहान मऊ ब्रश घेतला आणि त्या चौकोनावर तंबोऱ्याच्या दांड्यावरून फिरवत गेले. ब्रश पुढे सरकेल तसा नदीतून लाकडी दांडा वर येत होता, मग एकेक खुंटी. जरा जास्त गेलं की पडदा डोकावायचा, मग काळ्याने परत झाकायचं. आत्या खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आली. “इथे. अजून. पुरे,” असं तिचं चाललं होतं. शेवटची खुंटी उघडली तेव्हा ती खुशीत येऊन गुणगुणायला लागली, आणि बाहेरचे खिळे जुळवणारे कंपोझिटर काचेला नाक लावून उभे राहिले.

कव्हर छापून आलं. मराठी पदं तमिळ लिपीत, कारण आमच्या तिकडच्या मराठी माणसांपैकी बहुतेकांना तीच वाचता येते. पार ओरत्तनाडु गावापर्यंतच्या नातेवाइकांनी कॅसेट नेल्या. घरी येणारा प्रत्येकजण आधी कव्हर हातात फिरवत बसायचा, तेव्हा आत्या म्हणायची, “आत गाणंही आहे, ऐका.”

मला मात्र धरबंध राहिला नाही. त्या लग्नसराईत मी नवरा-नवरीला गोपुरात, भातशेतात, दिव्यांच्या रांगेत विरघळवलं. एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर तर त्याच्याच चेहऱ्यातून पीक उगवलं. तो तक्रार घेऊन आला असं समजून मी उभी राहिले. त्याला तेच मोठ्या आकारात, दुकानाच्या पाटीसाठी हवं होतं.