कायद्यात बसणारे साडू

कायदा आवडीनं पाळणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लोक कायदा भीतीनं पाळतात, नाहीतर नाइलाजानं. आमचे साडू तो पुरणपोळीसारखा, वरून तूप सोडून पाळत. जाफराबादला त्यांची पिठाची गिरणी आहे. पण "काय करता?" असं कुणी विचारलं तर गिरणीचं नाव निघत नसे. "होमगार्डात हाय," म्हणत आणि भुवयांवरचं पीठ न झटकता सावधान उभे राहत. होमगार्डात कुणाला घ्यावं, कधी बोलवावं, कधी कमी करावं, याचा राज्याचा एक जुना कायदा आहे. तो आहे हे आमच्या सबंध नात्यात साडूंमुळेच कळलं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा पाठीशी उभं राहून त्यांनी मला सभासदत्वाचं कलम समजावून सांगितलं होतं. माझ्या लग्नातलं मला तेवढंच नीट आठवतं. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

त्यांचं लाडकं कलम वेगळंच. होमगार्डाला ड्युटीवर बोलावलं की पोलिसाइतका अधिकार. बोलावलं नाही तर काहीच नाही. एवढ्यावर बाकीचे होमगार्ड सुखानं नांदतात. साडूंनी मात्र त्यापायी एका देहात दोन माणसं वसवली. बोलावलेले साडू म्हणजे वाघ. एकदा गणपती विसर्जनाच्या दिवशी मी जालन्याहून जाफराबादच्या सासुरवाडीला गेलो, तर बंद केलेल्या रस्त्याच्या तोंडाशी हेच उभे. मी हसलो. ते हसले नाहीत.

"गाडी मागं घ्या."

"अहो, मी आहे!"

"तुम्ही कोण ते उद्या बघू. मागं घ्या."

अख्ख्या गावाला वळसा घालून मी पोचलो, तोवर आरती आणि प्रसाद दोन्ही आटोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ पायजम्यावर चहाला आले आणि म्हणाले, "काल एवढा उशीर कामून केला, पाव्हणे?"

आणि न बोलावलेले साडू म्हणजे देवळातलं कासव. एकदा एसटीत आमच्या पुढ्यातच दोघांची जागेवरून जुंपली. एकानं खिडकीतून रुमाल टाकलेला, दुसरा त्याच रुमालावर बसलेला. मी साडूंना कोपरानं ढोसलं, "सोडवा की!" ते खिडकीबाहेरची कपाशी बघत म्हणाले, "मला बोलावणं न्हाई. बोलावल्याबिगर मी बिलकुल तुमच्यासारखा माणूस." माझ्यासारखा माणूस म्हणजे किती खालची पायरी, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. ते खोटं पाडायला मी स्वतः उठलो. दोघांचं भांडण तत्काळ मिटलं, कारण दोघेही मिळून माझ्यावर उलटले. एकानं माझी जागा घेतली, आणि पुढच्या थांब्यापर्यंत मी उभ्यानं प्रवास केला.

अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, यावर घरगुती तोड काढली होती. गिरणीच्या दारात उभी राहून ती खड्या आवाजात सांगे, "जनतेच्या सेवेसाठी तुम्हाला बोलावण्यात येत हाय. गहू उतरून घ्या!" साडू निमूटपणे पोती उतरवत. संसार असा उत्तम चालला होता.

मग त्या कायद्यातलंच दुसरं टोक समोर आलं. सभासदत्वाला वयाची मर्यादा असते, आणि साडू तिच्यापाशी येऊन ठेपले. गिरणीचा पट्टा फिरायचा, पण साडू जात्याकडे न बघता रस्त्याकडे बघत बसायचे. अक्कानं मला फोन केला, "भाऊजी, होमगार्डाच्या साहेबांना भेटा. हे असे बसून राह्यले तर मी काय करू?" घरात शिकलेला म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे गेलो. साहेबांचा चहा प्यालो, घसा खाकरला आणि म्हणालो, "साहेब, थोडं इकडं-तिकडं होईल का?"

साहेब हसले. "तुमचे साडू परवाच येऊन गेले. गणवेश कधी जमा करायचा ते विचारायला. मी म्हणालो, घाई काय आहे? तर त्यांनी मलाच कलम ऐकवलं."

परत आलो तर साडू गिरणीच्या पायरीवर. "कामून गेल्ते तिथं?"

"असंच, चहाला."

"कायद्यात बसत न्हाई, पाव्हणे," ते म्हणाले. "बसलं असतं तर मीच गेलो नसतो का?"

गणवेश त्यांनी स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला. अक्काला हात लावू दिला नाही. सरकारी कपडा परत करून ते आले, हात-पाय धुतले आणि कुणी न बोलावता गव्हाची पोती उतरवायला लागले. अक्का आत जाऊन रडली.

नवरात्रात बरीच वर्षं त्यांची ड्युटी पिंपळगाव रेणुकाईला असायची. तिथं गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे देवीकडे पाठ. यंदा आम्ही त्यांना बळंच दर्शनाला नेलं. गाभाऱ्यापाशी होमगार्डची एक बाई उभी होती, आवाज कडक: "चला, पुढं चला, थांबू नका!" मी थांबलो, बायको थांबली, अक्कानं तर ठाणच मांडलं. साडू मात्र तो आवाज ऐकताच नारळ ठेवून सरळ बाहेर पडले.

"दाजी, देवी नीट बघितली का?" बायकोनं पायऱ्यांवर विचारलं.

"न्हाई. बाई म्हणल्या पुढं चला."

"अहो, पण इतक्या वर्षांनी आलात!"

"बराबर म्हणल्या. मागं लई लोक व्हते."

मी म्हणालो, "चला, पुन्हा रांगेत लागू."

"लागू," साडू म्हणाले. "पण पार शेवटून."

रांग कमानीबाहेर गेली होती. आम्ही दोघं तिच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो. साडूंनी हात आधी पाठीमागे बांधले, मग सोडले, मग सदऱ्याच्या खिशात घालून पाहिले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.