ट नसलेली भाषा

दुपारचं जेवण अंगावर आलेलं असतं आणि सरिता लोंढे दिवाणावर आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. निदान स्वतःला तरी ती असंच सांगते. झोपायला वेळ कुणाला आहे? संध्याकाळी स्टुडिओत नटमंडळी यायची आहेत आणि सकाळीच कौस्तुभचा फोन येऊन गेलाय. कौस्तुभ म्हणजे दिग्दर्शक. वय लहान, घाई मोठी. त्याच्या वेबमालिकेत डोहाकाठी राहणारी एक जुनी जमात आहे, आणि त्या जमातीची भाषा बनवायचं काम सरिताकडे आहे. शब्द नंतर, आधी आवाज. कुठल्या आवाजांना घरात घ्यायचं आणि कुठल्यांना दाराबाहेर ठेवायचं, यावर अख्खी भाषा उभी राहते.

"मॅडम, भाषा गोड आहे, पण मऊ पडते हो," तो म्हणाला होता. "युद्धाचा सीन आहे. थोडे ट, ठ, ड, र टाका ना. खडखडलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. राग मानू नका."

राग तिने मानला नाही. पण ट टाकते असंही ती म्हणाली नाही. त्या भाषेत ट नाही, र नाही, त, न, ल, स यांपैकी कुणीच नाही, ते काही चुकून राहिलेलं नाही. ज्या आवाजाला जिभेचं टोक लागतं तो तिने घेतलेलाच नाही. मग उरतात ते ओठांचे आणि घशाचे: प, ब, म, क, ग, ह आणि त्यांचे सगेसोयरे. हे लोक जिभेखाली खडा धरून बोलतात, शब्द जपून वापरावा म्हणून, असं तिने कौस्तुभला सांगितलं आणि त्याला ते फार आवडलं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलेलं नाही. खरं कारण आप्पा.

आप्पा म्हणजे तिचे वडील. विट्याच्या एसटी स्टँडवर ते माइकवरून गाड्या पुकारायचे. अख्खा तालुका त्यांचा आवाज ओळखायचा. "सरे, तोंड उघडून बोल," ते तिला दटावायचे. "पाशिंजर भैराच हाय असं धरून चालायचं." मग त्यांच्या तोंडात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी जिभेचा पुढचा भाग काढला. ऑपरेशननंतर आप्पांनी पहिला शब्द उच्चारायला घेतला तो 'सरिता'. जे बाहेर आलं ते ऐकून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, "काय मागत्यात वो?"

झालं. आप्पांनी तोंडावर निळ्या काठाचा टॉवेल बांधला तो बांधलाच. आई विनवायची, "बोला की वो, घरचीच हायती की सगळी." पण अर्धामुर्धा शब्द ओठाबाहेर काढण्यापेक्षा त्यांनी तोंडाला कुलूप घातलं आणि जाईपर्यंत ब्र काढला नाही. सरिताला आजही वाटतं की एखादी भाषा तरी ते खणखणीत बोलू शकले असते, फक्त ती असायला हवी होती. म्हणून तिने ती केली. आणि आता म्हणे त्यात ट टाकायचा.

डोक्यावर पंखा करकरतो. तिचे डोळे जड होतात. करकर लांब जाते, परत येते, तिच्यात घरघर मिसळते आणि मग कुणीतरी माइकवर बोटाने टकटक करतं.

पंख्याच्या जागी स्टँडचा पत्रा आहे. सरिता फलाटावर अनवाणी उभी आहे. गाड्या लागल्यात, पण एकाही गाडीला पाटी नाही. चौकशीच्या खिडकीमागे आप्पा बसलेत, तोंडावर तोच निळ्या काठाचा टॉवेल.

कर्णा बोलू लागतो. "पुमा भोवा गोहा. पुमा भोवा गोहा."

म्हणजे, वरच्या गावाला जाणारी गाडी लागली आहे. शब्द तिचेच आहेत, टेबलाशी बसून जमवलेले, पण आवाज आप्पांचा आहे, पहिल्यासारखा, कुठेही न अडखळणारा. फलाटावरच्या बाया गाठोडी उचलून चालू लागतात. काय म्हणाले म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. सरिताला रडू येतं आणि ती ते आवरत नाही.

ती खिडकीशी जाते. खिडकीच्या आत दवाखाना आहे. लोखंडी खाट, उलटी टांगलेली सलाईनची बाटली, आणि खाटेवर माइक मांडीवर घेऊन बसलेले आप्पा. टॉवेल सुटलाय. तोंड तसंच आहे, टाके घातलेलं, एका बाजूला ओढलेलं. त्याची त्यांना लाज वाटताना दिसत नाही.

"खोमू हा, मा?" ते म्हणतात. लई उशीर केलास, व्हय?

"बा मा घोमू," ती म्हणते. वाट सापडत नव्हती.

"खावू?" जेवलीस का?

"हूं."

"आपू बोहा?" आई बरी आहे?

ती मान हलवते. इतकं साधं बोलणं, घरात रोज होणारं, आणि तिला ते श्रीमंतासारखं उधळावंसं वाटतं. ती खाटेच्या कडेवर टेकते, तर ती कडा गाडीच्या सीटची आहे. आप्पा खिडकीपाशी बसलेत. दारात कौस्तुभ उभा आहे, गळ्यात कंडक्टरची पिशवी, हातात घंटीची दोरी.

"मॅडम, गाडी सुटणार," तो म्हणतो. "ट द्या."

"जरा थांब," सरिता म्हणते.

तिचा 'जरा थांब' बाहेरच्या कर्ण्यातून घुमतो. आप्पा काहीतरी सांगत असतात ते मध्येच तुटतं. ते पुन्हा सुरुवात करतात. प येतो, म येतो, आणि मग त्यांचे ओठ नुसतेच हलतात. त्या जागी आता र बसलाय. पुढच्या शब्दात थ बसलाय. सरिताला एकदम उमगतं. भाषा तिची आहे. ती इथे जो आवाज काढेल तो भाषेत शिरणार, आणि शिरेल तो आप्पांना म्हणावा लागणार.

"बघा, र आलाच की," कौस्तुभ खूश होतो. "ज पण आला. उगाच आढेवेढे घेत होतात. आता एक ट फक्त."

आप्पा तिच्याकडे बघतात. त्यांना काहीतरी म्हणायचंय. काय ते तिला नक्की कळत नाही, पण कुठलं ते कळतं. दवाखान्यात त्या दिवशी जे अर्ध्यावर राहिलं तेच. ते एकदा ओठ उघडतात, मिटतात, आणि मग त्यांचा हात सावकाश टॉवेलकडे जातो.

आप्पा, टॉवेल नको, असं ती ओरडणार असते. ट तोंडात तयार होतो. जीभ वर उचलली जाते, टाळूला टेकतेसुद्धा. कौस्तुभ पुढे वाकतो.

"बोला ना, मॅडम. का देऊ डबल बेल?"

इंजिन सुरू होतं. सीट थरथरू लागते. सरिता जीभ दातांत धरते. ट मागे फिरायला तयार नाही, तेव्हा ती दात आणखी दाबते. जीव कळवळतो, तोंडात खारट होतं, तरी ती सोडत नाही. एका हाताने ती आप्पांच्या हातातला टॉवेल ओढून घेते आणि आपल्या पाठीमागे लपवते. लहान पोरीसारखं वागतेय हे तिला कळतं. कळू दे.

आप्पा तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघतात. दातांमागे तिने काय धरलंय ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजणार? त्यांचे डोळे भरून येतात. मग ते माइक ओठांशी धरतात आणि बोट तिच्या छातीवर टेकवतात.

"मोगू," ते म्हणतात.

हा शब्द तिचा नाही. तिने केलेल्या शब्दांत तो कुठेच नाही. ती भुवया उंचावते.

"मोगू," ते पुन्हा म्हणतात, हळू, पाळण्यातल्या पोराच्या कानात कुर्रर्र करून सांगतात तसं. आणि मग तिला कळतं. 'सरिता'मधला एकही आवाज त्यांच्याकडे उरला नव्हता. जे उरलं होतं त्यातून त्यांनी तिचं नाव केलंय. किती दिवस ते तोंडात धरून बसले असतील, टॉवेलच्या आत.

ते खिडकीतून बाहेर माइक धरतात. अख्ख्या स्टँडवर एकच पुकारा होतो. "मोगू. मोगू."

कौस्तुभ घंटी ओढतो. ओढतच राहतो.

घंटी फोनची आहे. सरिता उठून बसते. खिडकीत ऊन कलतंय. उशीच्या अभ्र्यावर लाल डाग पडलाय, अजून ओला. ती बोट तोंडात घालून बघते. जिभेचं टोक सुजलंय आणि दातांच्या खुणा बोटाला लागतात. फोन वाजून वाजून थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो.

"मॅडम, नट निघालेत," कौस्तुभ म्हणतो. "टाकला का ट?"

"अंहं."

"म्हणजे? अजून नाही टाकला?"

"अंहं."

"अहो, तोंड उघडून बोला की. टाकणार आहात की नाही?"

सरिता डोळे मिटते. अजूनही वेळ आहे, एक अक्षर टाकलं की सगळं मार्गी लागेल, हे तिला चांगलं माहीत आहे.

"अंहं," ती म्हणते.

"मग माझा नाइलाज आहे, मॅडम. आवाजांत एवढं काय अडकलंय तुमचं, मला खरंच कळत नाही. मी दुसरं बघतो."

फोन बंद होतो. काम गेलं. तिला वाईट वाटतं, खोटं कशाला बोला; रात्रंदिवस खपून केलेलं काम होतं, आणि आता ती भाषा कुणाच्याच कानावर पडायची नाही. जगात ती बोलणारं एकच माणूस उरलंय, आणि तेही जीभ चावून बसलंय. तिला रडता रडता हसू येतं.

ती बेसिनशी जाऊन चूळ भरते. पाणी गुलाबी पडतं, मग स्वच्छ पडतं. तेवढ्यात तिच्या मनात येतं की पुकारा झाला आणि आपण काहीच बोललो नाही. बापाने स्टँडभर ऐकू जाईल अशी हाक मारली आणि लेकीने साधी ओसुद्धा दिली नाही.

ती नळ बंद करते. पदराने तोंड पुसते.

"ओ, आप्पा," ती म्हणते. जिभेला कळही लागत नाही.