आईचा पाय

साखरेच्या आजारामुळे आईचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून कापावा लागेल. सही मी केली. आईला मात्र सांगितलं, फक्त बोटं काढणार आहेत.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन देऊन पायाची नस बधिर केली. "कापण्याआधीच दिलं की नंतर कळ कमी येते," ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

खरंच कळ आली नाही. संध्याकाळी आई पांघरुणाखाली पडल्या पडल्या माझा हात धरून हसली. रनाळ्याच्या घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"काहीच दुखत नही वं. मन्हा पाय वाचना!"

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाचा असर उतरला आणि पाय खाजवायला तिचा हात खाली गेला. ती बराच वेळ नुसती गादी चाचपत राहिली. मग म्हणाली, "तू माले सांगं नही."

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. कुबड्यांना तिनं हात लावला नाही. दुखतं का विचारलं, की भिंतीकडे तोंड फिरवायची. माफी मागायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.